बेरजेत न दिसणारा मतदार

नागपूर दक्षिण-पश्चिम या विधानसभा मतदारसंघात आजवर चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. चारही वेळा भाजपचे देवेंद्र फडणवीस निवडून आले आणि चारही वेळा काँग्रेस दुसरी राहिली. हलत राहिलं ते मताधिक्य. २००९ मध्ये २७,७७५, २०१४ मध्ये ५८,९४२, २०१९ मध्ये ४९,३४४ आणि २०२४ मध्ये ३९,७१०.

यातली २०१४ आणि २०१९ ही जोडी शेजारी ठेवून पाहा. फडणवीसांची मतं १,१३,९१८ वरून १,०९,२३७ वर आली, म्हणजे ४,६८१ कमी झाली. काँग्रेसची ५४,९७६ वरून ५९,८९३ वर गेली, म्हणजे ४,९१७ वाढली. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर निष्कर्ष तयार असतो: साडेचार-पाच हजार लोक इकडून तिकडे गेले. आकडे इतके जुळतात की दुसरं काही सुचतच नाही.

पण मतपेटीत माणसं मोजली जात नाहीत, मतं मोजली जातात. पाच वर्षांत कुणी वारलं, कुणी नोकरीसाठी पुण्याला गेलं, कुणी अठरा वर्षांचं झालं, कुणी या वेळी घरीच बसलं. शिवाय २०१४ मध्ये भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी हे चारही पक्ष स्वतंत्र लढले होते. २०१९ मध्ये युती आणि आघाडी होती. मग काँग्रेसची वाढलेली मतं भाजपकडून आली की राष्ट्रवादीच्या जुन्या मतदारांकडून? एकही मतदार थेट भाजपमधून काँग्रेसकडे गेला नसला तरी हेच आकडे येऊ शकतात. वीस हजार तिकडे आणि पंधरा हजार इकडे आले असले तरीही येऊ शकतात. पुढच्या निवडणुकीनं तर ठेल्यावरचं गणितच मोडलं. २०२४ मध्ये फडणवीसांची मतं २०,१६४ नं वाढली आणि तरीही मताधिक्य घटलं, कारण काँग्रेसची २९,७९८ नं वाढली.

समूहाच्या बेरजेवरून व्यक्तीचं वागणं ठरवण्यातला हा धोका समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवून दिला. त्यांनी अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेचे आकडे घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. प्रत्यक्षात एकेक माणूस पाहिला तर परदेशातून आलेल्यांमध्येच निरक्षरता जास्त होती. ते लोक मुळात जास्त साक्षर राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते, एवढंच. ‘अमुक वस्तीनं तमुकाला पाडलं’ असं आपल्याकडे बेधडक बोललं जातं तेव्हा हीच चूक होते, आणि ती निरुपद्रवी नसते. एका अख्ख्या समाजावर त्यानं न केलेल्या मतदानाचा शिक्का बसतो.

मागे जावं तितकी तुलना अवघड होते. हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत, २००१ च्या जनगणनेच्या आधारे आखला गेला. त्याआधी फडणवीस नागपूर पश्चिममधून निवडून येत होते, पण आजचा नागपूर पश्चिम तो नव्हे; नाव तेच राहिलं, सीमा बदलल्या. खरं तर नागपूरकरांनी पहिल्या तीन विधानसभा निवडणुकांत तीन वेगळ्या राज्यांसाठी मत दिलंय: १९५२ ला मध्य प्रदेश, १९५७ ला द्विभाषिक मुंबई, १९६२ ला महाराष्ट्र.

मग या आकड्यांतून काहीच कळत नाही का? कळतं, पण मर्यादेत. बूथनिहाय निकाल ‘फॉर्म २०’ मध्ये जाहीर होतो. समजा एका बूथवर १,००० जणांनी मत दिलं. ६०० नव्या फ्लॅट स्कीममधले, ४०० जुन्या वस्तीतले. एका उमेदवाराला ९०० मतं मिळाली. फ्लॅटवाल्यांनी सगळीच्या सगळी ६०० त्याला दिली असं धरलं, तरी वस्तीतून किमान ३०० आलीच असणार. हे अनुमान पक्कं. आता त्याला ५०० मतं मिळाली असं धरा. वस्तीचा वाटा शून्यापासून ४०० पर्यंत काहीही असू शकतो, आणि अशा बूथबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्याकडे दुसरा काही पुरावा आहे का, हे विचारायलाच हवं. तो पुरावा मतदारांना एकेकट्याने विचारलेल्या, नीट निवडलेल्या नमुन्याच्या सर्वेक्षणातूनच मिळतो.