रामटेक लोकसभा मतदारसंघ : निवडणूक इतिहास

रामटेक हा महाराष्ट्रातील 48 लोकसभा मतदारसंघांपैकी नवव्या क्रमांकाचा मतदारसंघ असून 2009 पासून तो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक हे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. नागपूर शहराच्या सहा विधानसभा जागा वगळल्या की जिल्ह्याचा जो भाग उरतो, तो म्हणजे रामटेक. नाव गडाच्या पायथ्याशी वसलेल्या तीर्थक्षेत्राचं असलं तरी मतदारसंघाने नागपूर शहराला चारही बाजूंनी वेढलं आहे. काटोल-नरखेडचा संत्रापट्टा, मनसरच्या मँगनीज खाणी, उमरेड-सावनेरच्या कोळसा खाणी, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, कामठीची छावणी आणि हिंगणा-बुटीबोरीची एमआयडीसी ही सगळी याच मतदारसंघात मोडतात. 2024 मध्ये मतदारांची संख्या 20 लाखांवर होती. उमेदवारी अर्ज नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात भरले जातात आणि अलीकडच्या निवडणुकांत मतमोजणीही नागपुरातच, कळमना बाजार समितीच्या आवारात झाली. खुद्द रामटेकच्या माणसाला आपल्या खासदाराचा निकाल ऐकायला नागपूरकडे कान लावावा लागतो.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी हा भाग मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. रामटेकची जागा 1957 मध्ये प्रथम लढवली गेली, तोवर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. पुढची बरीच वर्षं जागा काँग्रेसकडेच राहिली. अपवाद 1974 च्या पोटनिवडणुकीचा. तीन वर्षांपूर्वी नागपुरात जांबुवंतराव धोटे यांच्या रूपाने वेगळ्या विदर्भाची मागणी लोकसभेत पोचली होती, तिच्याच जोरावर राम हेडाऊ रामटेकमधून निवडून आले. ही लाट फार टिकली नाही. 1977 मध्ये उत्तरेत काँग्रेसची धूळधाण उडाली तेव्हा रामटेकने काँग्रेसचे जतिराम बर्वे यांना निवडून दिलं आणि 1980 मध्येही त्यांनाच कायम ठेवलं.

मतदारसंघाला देशभर नाव मिळालं ते पी. व्ही. नरसिंह राव यांच्यामुळे. आंध्रात एन. टी. रामाराव यांच्या तेलुगू देसमने काँग्रेसची मुळं हलवली होती आणि रावांना आपल्या हनमकोंडाची खात्री वाटेना. म्हणून 1984 मध्ये ते दोन ठिकाणी उभे राहिले. अंदाज बरोबर निघाला. हनमकोंडात भाजपचे चंदुपटला जंगा रेड्डी यांनी त्यांना हरवलं. त्या निवडणुकीत भाजपला देशभरात ज्या दोनच जागा मिळाल्या त्यांतली ही एक. रामटेकने मात्र रावांना तारलं. ते इथले नव्हते हे खरं, पण अगदी परकेही नव्हते. कायद्याची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठातून घेतली होती, मराठी ते सहज बोलत आणि मराठीतून तेलुगूत अनुवादही त्यांनी केले होते. प्रचारसभेत दुभाषा लागत नसलेला आंध्राचा उमेदवार लोकांनी आपला मानला. 1989 मध्ये केंद्रातली सत्ता गेली तरी रामटेकमधून ते पुन्हा निवडून आले. संरक्षण, मनुष्यबळ विकास आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी रामटेकचे खासदार असतानाच सांभाळली.

‘रामटेकने देशाला पंतप्रधान दिला’ हे वाक्य या भागात आजही सभांतून ऐकू येतं. ते तपासून घ्यायला हवं. 1991 ची लोकसभा निवडणूक रावांनी लढवलीच नव्हती. राजीव गांधींच्या हत्येनंतर जूनमध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा ते संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. नोव्हेंबरात आंध्रातल्या नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले. त्या काळात रामटेकचे खासदार होते नागपूरकर भोसले घराण्यातले तेजसिंहराव भोसले. रामटेकला 1997 मध्ये कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झालं, त्याचं श्रेय मात्र लोक रावांनाच देतात.

रावांनंतर ही जागा नागपूरच्या राजकारणातल्या मोठ्या नावांची सोय लावण्यासाठी वापरली गेली, असं म्हटलं तर ते फारसं चूक ठरणार नाही. दत्ता मेघे 1991 मध्ये नागपूरमधून, 1996 मध्ये रामटेकमधून आणि 1998 मध्ये वर्ध्यातून खासदार झाले. 1998 मध्ये रामटेक पुन्हा भोसले घराण्याकडे, राणी चित्रलेखा भोसले यांच्याकडे गेलं. बनवारीलाल पुरोहित यांना मात्र रामटेक लाभलं नाही. 1999 मध्ये ते इथून काँग्रेसकडून उभे राहिले आणि हरले. त्याआधी नागपूरने मात्र त्यांना भाजपचा खासदार केलं होतं.

1999 च्या निकालाने काँग्रेसची सद्दी संपली. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र झाल्या. लोकसभेला शिवसेनेचे सुबोध मोहिते आणि रामटेक विधानसभेला शिवसेनेचेच आशिष जयस्वाल निवडून आले. नागपूर शहरात भाजपच्या सावलीत राहणाऱ्या सेनेला ग्रामीण जिल्ह्यात हक्काची जागा मिळाली आणि युतीच्या वाटपात रामटेक सेनेच्या नावावर लागलं ते लागलंच. मोहिते वाजपेयींच्या मंत्रिमंडळात अवजड उद्योग मंत्री झाले. 2004 मध्ये त्यांच्यासमोर काँग्रेसचे डॉ. श्रीकांत जिचकार होते. पंचविशीतच काटोलचे आमदार झालेले, पदव्यांच्या संख्येमुळे दंतकथा बनलेले जिचकार थोडक्या मतांनी हरले. निकालानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच 2 जून 2004 रोजी कोंढाळीजवळ मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. कोंढाळी काटोल तालुक्यात, म्हणजे याच मतदारसंघात येतं. पुढे मोहित्यांनी सेना सोडली, खासदारकीचा राजीनामा दिला आणि 2007 ची पोटनिवडणूक काँग्रेसकडून लढवली. लोकांनी सेनेच्या प्रकाश जाधवांना निवडून दिलं.

मतदारसंघांच्या फेररचनेत रामटेक राखीव झालं आणि बुलढाणा खुलं. त्यामुळे बुलढाण्यातून तीनदा खासदार झालेले मुकुल वासनिक 2009 मध्ये इथे आले. सेनेच्या कृपाल तुमाने यांना त्यांनी 16,701 मतांनी हरवलं आणि ते केंद्रात मंत्री झाले. 2014 मध्ये तुमानेंनी 1,75,791 मतांच्या फरकाने परतफेड केली. 2019 मध्ये काँग्रेसच्या किशोर गजभिये यांना त्यांनी सव्वा लाखावर मतांनी मागे टाकलं.

2024 ची निवडणूक मतदानाआधीच गाजली. सेना फुटल्यावर तुमाने शिंदे गटात गेले होते, तरी त्यांचं तिकीट कापलं गेलं. उमरेडचे काँग्रेस आमदार राजू पारवे राजीनामा देऊन शिंदे गटात आले आणि तेच उमेदवार झाले. काँग्रेसने जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे यांना उभं केलं. 28 मार्चला, अर्जांच्या छाननीच्या दिवशीच, जात पडताळणी समितीने त्यांचं प्रमाणपत्र रद्द केलं आणि अर्ज बाद झाला. काँग्रेसची जागा वाचली ती पर्यायी उमेदवाराच्या अर्जामुळे. हा अर्ज बहुतेक वेळा छाननी पार पडली की मागे घेण्यासाठीच भरलेला असतो. इथे तो रश्मी बर्वे यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा होता आणि पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचं पत्र, जोडलेला असल्याने पंजा हे चिन्ह त्यांना मिळालं. प्रचाराची सूत्रं सावनेरचे काँग्रेस नेते सुनील केदार यांच्याकडे होती. पंतप्रधान मोदींची सभा कन्हानला झाली. 19 एप्रिलच्या मतदानात बर्वे यांनी पारवेंना 76,768 मतांनी हरवलं. बायकोचा अर्ज बाद झाला याचा राग मतपेटीत उतरला, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. सोयाबीन-कापसाच्या पडेल भावाचा आणि राज्यघटना बदलण्याच्या चर्चेचा वाटाही त्यात होता, कारण विदर्भातल्या इतर जागांवरही त्याच वेळी वारं फिरलं होतं. समितीचा निर्णय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नंतर, सप्टेंबरात, रद्द केला.

तिकीट हुकलेले तुमाने जुलैत विधान परिषदेवर गेले. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. केदारांच्या सावनेरमध्येही भाजपचे आशिष देशमुख निवडून आले आणि काँग्रेसकडे एकटं उमरेड उरलं. रामटेकमधून जयस्वाल पुन्हा आमदार झाले. 2019 मध्ये ते अपक्ष म्हणून जिंकले होते, या वेळी शिंदेंच्या शिवसेनेकडून.