'प्रेरित' की 'रूपांतरित'?

एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की तालमीच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कॉपी नाही रे, इन्स्पायर्ड आहे!" पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे, हे वाक्यही बहुधा तितकंच जुनं असावं. अर्जावर लेखकाच्या नावाखाली काय लिहायचं, हा प्रश्न मात्र शेवटच्या रात्री पडतो आणि मग घाईघाईत 'प्रेरित' लिहून मोकळं होतात.

फरक समजून घ्यायला दोन नाटकं पुरेत. पु. ल. देशपांडे यांचं 'ती फुलराणी' (१९७५) हे बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या इंग्रजी नाटकाचं रूपांतर. लंडनची फुलवाली मंजुळा झाली, प्राध्यापक मराठी झाला. पण कोण कोणाला शिकवतं, कशासाठी शिकवतं आणि पुढे कोण बंड करून उठतं, हा सांगाडा शॉचाच. त्यामुळे काम हलकं ठरत नाही. कॉकनी इंग्रजीच्या, म्हणजे लंडनच्या गरीब वस्तीतल्या बोलीच्या, जागी अशी मराठी बसवायची की ती इथलीच वाटावी, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. मंजुळेचं स्वगत घडाघडा म्हणणाऱ्या किती जणांना शॉ आठवतो?

'नटसम्राट'ची (१९७०) गोष्ट वेगळी. मुलांना सगळं वाटून टाकून मग त्यांच्याच घरी अपमान गिळणारा म्हातारा शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधून आलाय, हे उघड आहे. पण शिरवाडकरांनी राजाचा नट केला आणि तिथून नाटक स्वतःच्या वाटेनं निघालं. आप्पा बेलवलकर कोसळू लागतात तेव्हा जुन्या भूमिका त्यांच्या तोंडून बोलायला लागतात. लिअरकडे असा साठाच नाही. शिवाय लिअरच्या नाटकात राणी दिसतच नाही. इथे कावेरी आहे, आणि मला विचाराल तर निम्मं नाटक तिनंच तोलून धरलंय. याच शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट'ही लिहिलं, ते मात्र रूपांतर. दोन्ही वाटा त्यांना ठाऊक होत्या.

स्वतःच्या संहितेबद्दल शंका असेल तर मूळ कृतीतले प्रसंग तिच्यातून एकेक काढून बघा. मागे नुसती पात्रांची मराठी नावं उरली, तर ते रूपांतर आहे, तसंच लिहा.

कायदाही साधारण याच रेषेनं चालतो. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं की कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो. ती ज्या रीतीनं मांडली आहे, त्या मांडणीवर असतो. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट, दोन्हींत प्रांतवादाचाच विषय. तेवढ्यावरून चोरी ठरली नाही. रूपांतराला मात्र मूळ हक्कधारकाची परवानगी लागते. लेखक गेल्यानंतरही ६० वर्षं.

शेक्सपिअर मोकळा आहे, पण त्याचा अलीकडचा मराठी अनुवाद मोकळा असेलच असं नाही. इथे बरेच संघ फसतात. आणि कुसुमाग्रज, म्हणजे शिरवाडकरच, गेले १९९९मध्ये. म्हणजे लिअरवरून नवं काही लिहायला कुणाला विचारायला नको, पण आप्पा बेलवलकरांना घेऊन एकांकिका करायची असेल तर २०५९ संपेपर्यंत विचारावं लागेल.