जुनाट जखमांवरचे जंतुनाशक जेल : 1994 च्या एका मनाईची पार्श्वभूमी

जखमेवर जंतुनाशक लावण्याची पद्धत फार जुनी. पहिल्या महायुद्धात क्लोरीनयुक्त द्रावणांनी जखमा धुतल्या जात. त्यांच्यापैकीच युसॉल आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतल्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर पुढे कित्येक दशके दिसत राहिले. 1950च्या दशकात पोविडोन-आयोडीन आले. आयोडीनची आग कमी झाली आणि तपकिरी मलमाची ट्यूब घरोघरी पोचली.

जखमेवर जंतुनाशक लावावे की नाही या वादाला तोंड फुटले ते 1985 च्या एका प्रयोगाने. त्यात नवी ऊती घडवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींवर प्रयोगशाळेतल्या बशीत नेहमीची जंतुनाशके सोडली. 1 टक्का पोविडोन-आयोडीन, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 0.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट आणि 0.25 टक्के ॲसेटिक ॲसिड या सगळ्यांनी पेशी मारल्या. पण त्याच प्रयोगात पोविडोन-आयोडीन 0.001 टक्क्यापर्यंत पातळ केल्यावर जंतू मेले आणि पेशी वाचल्या. ही दुसरी बाजू पुढे फारशी कोणी सांगितली नाही.

1994 साली अमेरिकेत शय्याव्रणांच्या, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या, उपचारासाठी सरकारी मार्गदर्शिका निघाली. जखम जंतुनाशकाने धुऊ नका आणि ऊतींमधले जंतू कमी करण्यासाठीही ते लावू नका, असे तिने बजावले. जखम स्वच्छ असूनही भरत नसेल, तर मात्र लावायच्या प्रतिजैविकाचा दोन आठवडे प्रयोग करून पाहायची मुभा दिली. माझ्या मते खरी चूक इथे झाली. प्रतिजैविक जंतूच्या एखाद्या ठरावीक दुव्यावर घाव घालते, म्हणून जंतू त्याला सरावतात. आयोडीन एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करते आणि त्याला दाद न देणारे जंतू क्वचितच सापडतात. बशीतल्या पेशींच्या भीतीने आयोडीन बाजूला सारले आणि ज्याने प्रतिकार वाढतो त्याला दार उघडे ठेवले. शिवाय बशीत पू नसतो, रक्तातली प्रथिने नसतात, मेलेली ऊती नसते. जखमेत या सगळ्यांमुळे आयोडीनचा जोर उतरतो. म्हणजे पेशींना होणारी इजा बशीत दिसते तेवढी होईलच असे नाही, आणि जंतूही तितक्या सहज मरणार नाहीत.

द्रावण आणि जेल यांतला फरकही त्या मनाईत हरवला. कॅडेक्सोमर आयोडीन तोवर युरोपात वापरात होते. स्टार्चपासून केलेले बारीक मणी, त्यांत 0.9 टक्के आयोडीन. मणी जखमेतला स्राव शोषून फुगतात आणि आयोडीन हळूहळू सोडतात. लावताना जेल गडद तपकिरी असते. आयोडीन संपत आले की रंग उडतो आणि ड्रेसिंग बदलायची वेळ झाली हे सिस्टरना नुसते पाहून कळते. अर्थात मर्यादा आहेतच : आठवड्याला 150 ग्रॅमपेक्षा जास्त नाही, सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही, आणि थायरॉइडचा त्रास असेल तर जपून.

पुढे वारे फिरले ते बायोफिल्ममुळे. 2008 च्या एका अभ्यासात जुनाट जखमांच्या नमुन्यांपैकी 60 टक्क्यांत जंतूंचा हा चिकट थर सापडला, तर ताज्या जखमांत जेमतेम 6 टक्क्यांत. पोटातून दिलेल्या प्रतिजैविकांना हा थर सहसा दाद देत नाही. मग आधी खरवडून जखम साफ करायची आणि थर पुन्हा धरू नये म्हणून काही काळ जंतुनाशक लावायचे, ही रीत रुळली. 2014 च्या आंतरराष्ट्रीय शय्याव्रण मार्गदर्शिकेने ऊतीला सोसेल इतक्या तीव्रतेचे जंतुनाशक मर्यादित काळ वापरायला मुभा दिली. त्याच वर्षीच्या एका मोठ्या आढाव्यात शिरांच्या विकाराने पायावर होणाऱ्या व्रणांसाठी कॅडेक्सोमर आयोडीनच्या बाजूने काही पुरावा मिळाला. साध्या पोविडोन-आयोडीनच्या बाजूने ठोस काही मिळाले नाही.

मधुमेहींच्या पायावरच्या जखमेचे गणित वेगळे. 2023 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी अशी जखम भरून यावी म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये असे सांगितले आहे. हा नकार मला पटतो, कारण तो रुग्णांवरच्या चाचण्या तपासून दिला आहे. तिथे तळव्यावरचा दाब काढणे, रक्तपुरवठा तपासणे आणि मेलेली ऊती काढणे आधी. ट्यूब कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.