पिवळ्या उजेडाची गाठ

ठाण्यात आमच्या गल्लीच्या टोकाला सोडियमचा एक जुना दिवा अजून तग धरून आहे. बाकी सगळीकडे पांढरे एलईडी आले. पावसात हा पेटला की खालचं डबकं हळदीचं दिसतं. सोडियमच्या अणूचा हा रंग, तरंगलांबी साधारण ५८९ नॅनोमीटर. दिव्यातली वाफ मात्र इतकी दाट आणि तापलेली असते, की अणूंच्या धक्काबुक्कीत रंग आजूबाजूला पसरतो.

याच रंगाच्या लेसरने सोडियम थंडही करतात. समोरून आदळणारे प्रकाशकण अणूचा वेग काढून घेतात. एरवी सेकंदाला ५००हून जास्त मीटर धावणारा अणू २४० मायक्रोकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी केसभर वर, सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर सरकतो. तलावपाळीवर रमतगमत फिरणारेसुद्धा याच्यापुढे निघून जातील.

इतके सुस्तावलेले दोन अणू जवळ आले, तरी आपणहून चिकटत नाहीत. बंध जुळायचा तर जादा ऊर्जा कुणीतरी न्यायला हवी. एरवी ते काम तिसरा अणू करतो. थंड केलेल्या अणूंच्या या विरळ ढगात तो ऐनवेळी मिळायचा कुठून?

मग दोघांनी मिळून एक प्रकाशकण गिळायचा. त्याची ऊर्जा एकट्या अणूला लागते त्याहून किंचित कमी हवी, आणि ती तूट नव्याने बनणाऱ्या रेणूच्या बंधाच्या ऊर्जेएवढीच. जमलं, की उत्तेजित रेणू तयार. पण हा सूर गारव्यातच लागतो. खोलीच्या तापमानाला अणूंच्या ऊर्जेतली तफावत, प्रकाशाच्या कंपनसंख्येत मोजली तर, ६० लाख मेगाहर्ट्‌झच्या घरात जाते. इथे ती ५ मेगाहर्ट्‌झ.

यातले काही रेणू भलतेच ऐसपैस असतात. साध्या सोडियम रेणूत दोन अणूंमध्ये ०.३ नॅनोमीटर अंतर, यांच्यात त्याच्या दहापटही. मला तर यांना रेणू म्हणायलाच जड जातं!

कल्पना १९८७ची, १९९३मध्ये अमेरिकेत सोडियम आणि रुबिडियमवर ती साधली. अडचण एवढीच, की उत्तेजित रेणू काही नॅनोसेकंदांत प्रकाश सोडतो आणि बहुधा पुन्हा दोन सुटे अणू उरतात. १९९८मध्ये फ्रान्समध्ये सीझियमचे टिकाऊ थंड रेणू मिळाले.

२०१८मध्ये हार्वर्डमध्ये तर ढगाचीही गरज उरली नाही. प्रकाशाच्या एका चिमटीत, म्हणजे अणू धरून ठेवणाऱ्या एकवटलेल्या लेसरझोतात, सोडियमचा एकच अणू, दुसरीत सीझियमचा एकच. दोघांना एका चिमटीत आणलं आणि वरून जोडणारा लेसर सोडला. पुन्हा पाहिलं, तर दोन्ही अणू एकदमच गायब. रेणू बनला होता, त्याची खूण हीच.