दाराचा उजेड आणि कारखान्यातला उजेड

फ्लॅश लावला नाही म्हणजे फोटो नैसर्गिक उजेडातला, असं समजून आपल्या बेळगाव-खानापूर भागात बरेच जण गणपतीच्या कारखान्यात कॅमेरा घेऊन शिरतात. तसं नसतं. नैसर्गिक उजेड फक्त सूर्याचा: थेट आलेला, ढगांतून झिरपलेला किंवा भिंतीवरून परतलेला. ॲम्बियंट लाइट म्हणजे आपण जाण्याआधी तिथं असलेला सगळाच उजेड. त्यात दार आलं, ट्यूब आली, मूर्तीवर टांगलेला बल्बही आला.

अबोल मूर्तिकारासमोर हा फरक खरा जाणवतो. नैसर्गिकच हवा म्हटलं, की "काका, जरा दाराशी येता का?" म्हणावं लागतं, आणि बुजरा माणूस तिथंच आखडतो. ॲम्बियंटमध्ये ते जागचे हलत नाहीत, जुळवून आपण घ्यायचं. म्हणून माझा कौल आधी ॲम्बियंटला.

डोळ्यांची आखणी करताना बघा. काका स्वतःच बल्ब खाली ओढून घेतात, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवतात, आणि पांढऱ्या चेहऱ्यावरून परतलेला उजेड त्यांच्या हनुवटीखाली पसरतो. हा उजेड त्यांनी हातासाठी निवडलाय, त्याला हात लावू नये.

अडचण रंगांची. पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा), ढगाळ आभाळ 6500 च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर कुठलाही व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात रंग जुळवण्याची सोय, ते पूर्ण सावरत नाही. चेहऱ्यावर एकाचाच जोर राहील अशा जागी आपण सरकावं आणि रंग त्याच्यावर जुळवावा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बऱ्याच ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) 1600-3200 पर्यंत बिनधास्त न्या. बुजऱ्या माणसासाठी सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बरं वाटतं, पण ट्यूबखाली वेग वाढवला की फोटोत पट्टे उमटतात.

नैसर्गिक उजेडासाठी उत्तरेची खिडकी शोधा, तिथून थेट ऊन येत नाही, असं पुस्तकं सांगतात. बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यच उत्तरेला असतो! ढग हटले की कारखान्याच्या ऐन हंगामात तिथूनही ऊन आत येऊ शकतं.

आणि निळी ताडपत्री? तिच्यातून येतो तो उजेड सूर्याचाच, पण कातडीचा रंग पार बिघडवतो. कॅमेऱ्यातल्या ढगाळ हवेसाठीच्या तयार 'क्लाउडी' सेटिंगवर विसंबू नका. काकांच्या हाताजवळ पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स घ्या.