गरोदरपणात वजन घटवणं आणि वजनवाढ आवरणं: या दोन गोष्टी एक नव्हेत

इंदूरच्या मराठी घरात गोड बातमी कळली की सासूबाई लगेच म्हणतात, "आता दोन जिवांची आहेस, दोघांचं जेवत जा." आणि सुनेचं वजन मुळात जास्त असेल तर एखादी जाऊबाई तिला बाजूला घेऊन सांगते, "आत्तापासून डाएट कर गं, नाहीतर पुढे जड जाईल." दोघी मायेनेच बोलतात. पण पहिलीचं ऐकलं तर वजन पंधरा-वीस किलोंनी वाढतं आणि दुसरीचं ऐकलं तर बाळाच्या तोंडचा घास जातो. आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी या दोन टोकांमध्ये अडकलेल्या असतात. सकाळी उपाशी राहायचं आणि संध्याकाळी भूक अनावर झाली की सेव-परमलचा (शेव-कुरमुऱ्यांचा) डबा रिकामा करायचा, असा त्यांचा दिवस जातो.

वजन घटवणं म्हणजे शरीराला रोज जितकं लागतं त्याहून कमी द्यायचं, म्हणजे ते साठवलेली चरबी वापरायला काढतं. वजनवाढ आवरणं म्हणजे आईला आणि बाळाला लागतं ते सगळं द्यायचं, फक्त त्याच्या वरचं द्यायचं नाही. पहिलं काम गरोदरपणात करायचं नाही, मग वजन कितीही जास्त असो. दुसरं मात्र करायलाच हवं, कारण जास्त वजनावर आणखी भरपूर वजन चढलं की गरोदरपणातला मधुमेह, वाढलेलं बी.पी., प्रमाणाबाहेर मोठं बाळ, सिझेरियन आणि पायात रक्ताची गाठ होणं, हे सगळे धोके वाढतात.

"माझ्या अंगावर एवढी चरबी साठलेली आहे, मग बाळ त्यातून घेईल की," असं मला कितीतरी जणींनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे. पण चरबीतून फक्त ऊर्जा निघते. बाळाच्या हाडांना कॅल्शियम लागतं, रक्ताला लोह लागतं, स्नायूंना प्रथिनं लागतात, मेंदूला आयोडीन लागतं, आणि यातलं काहीच मांड्यांवरच्या चरबीत नसतं. वजन ८० किलो आणि हिमोग्लोबिन ९, अशी बाई अजिबात दुर्मीळ नाही. शिवाय गरोदरपणात शरीर उपासाला फार लवकर दबतं. एरवी दिवसभराच्या लंघनानंतर रक्तात जितके कीटोन (पोटात अन्न नसताना चरबी जळून तयार होणारे पदार्थ) चढतील तितके गरोदर बाईच्या रक्तात नुसतं रात्रीचं जेवण चुकवून आणि सकाळचा नाश्ता लांबवून चढू शकतात. गरोदरपणात ज्यांचं वजन घटतं, त्यांच्यात कमी वजनाची बाळं होण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे, आणि हे लठ्ठ स्त्रियांनाही लागू आहे. म्हणून कीटो, सोळा तासांचं फास्टिंग, नुसत्या फळांवर राहणं, जेवणाऐवजी शेक, यातलं काहीही या नऊ महिन्यांत नको.

मग वाढू द्यायचं तरी किती? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेला तक्ता आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. त्यात गरोदर होण्याआधीचा बीएमआय धरतात, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. बीएमआय २५ ते २९.९ असेल तर पूर्ण गरोदरपणात ७ ते ११.५ किलो, आणि ३० किंवा त्याहून जास्त असेल तर ५ ते ९ किलो. वजन बेताचं असलेल्या बाईला ११.५ ते १६ किलो सांगतात. हे सगळे आकडे पोटात एकच बाळ असेल तेव्हाचे, जुळ्यांचा हिशेब वेगळा. उदाहरणार्थ, उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन ७६ किलो असेल तर बीएमआय साधारण ३०.४ येतो, म्हणजे पाच ते नऊ किलोंची मुभा. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो आणि पुढे आठवड्याला साधारण दोनशे ग्रॅम. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतीयांच्या शरीरात कमी बीएमआयलाही पोटावर चरबी आणि रक्तात साखर वाढते, म्हणून आपल्याकडे एरवी २३ पासूनच जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तुमचा आकडा २४ असेल तर तक्त्यात तुम्ही ठीक दिसाल, पण साखरेच्या बाबतीत बेफिकीर राहू नका आणि आपलं लक्ष्य किती ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

हे पाच-नऊ किलो जातात कुठे, हे पाहिलं की घोटाळा सुटतो. बाळ तीन किलोंच्या आसपास, वार (प्लॅसेंटा) सहाशे-सातशे ग्रॅम, गर्भजल किलोच्या आतबाहेर, वाढलेली गर्भपिशवी सुमारे एक किलो, वाढलेलं रक्त सव्वा ते दीड किलो, आणि स्तनांची वाढ व अंगातलं जादा पाणी वेगळं. बेताच्या वजनाच्या बाईच्या शरीरात याशिवाय तीनेक किलो चरबी पुढच्या स्तनपानासाठी साठते. तुमच्याकडे ती आधीच जमा आहे, म्हणून तुमच्या वाट्याचा आकडा कमी. बाळाच्या वाट्यात कुठेही कपात नाही.

गरोदरपणात वजन घटवता येतं, हा गैरसमज यातूनच होतो. समजा वर सांगितलेल्या बाईचं वजन ७६ वरून ८२ पर्यंतच गेलं. बाळंतपणात बाळ, वार आणि पाणी मिळून साडेचार किलोंच्या आसपास एकदम उतरतात, नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत जादा पाणीही निघून जातं, आणि काटा ७५ दाखवतो. बघणारे म्हणतात, "हिने गरोदरपणात वजन कमी केलं!" शेजारची ते ऐकते आणि पाचव्या महिन्यात रात्रीचं जेवण सोडते. खरं तर त्या बाईने काहीच घटवलं नव्हतं. तिचं वजन वाढलंच होतं, फक्त बाळापुरतं.

एक मधली अवस्थाही आहे आणि तिने बायका फार घाबरतात. वजन बरंच जास्त असलेली बाई रोजची कचोरी, कोल्ड्रिंक आणि रात्रीची मिठाई बंद करून नीट चारी ठाव जेवू लागली, तर पहिल्या काही आठवड्यांत काटा थोडा खाली येऊ शकतो किंवा महिनाभर जागचा हलत नाही. ती पोटभर जेवत असेल, लघवीत कीटोन नसतील आणि सोनोग्राफीत बाळ वाढत असेल तर डॉक्टर एवढ्याने काळजी करत नाहीत. उलट्यांनी घटलेलं वजन मात्र निराळं. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल किंवा मूळ वजनाच्या पाच टक्के वजन गेलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. "पहिल्या महिन्यांत असं होतंच," म्हणून अंगावर काढू नका.

आता ताटाकडे येऊ, कारण खरी लढाई तिथेच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत गरोदरपणासाठी रोज ३५० कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. एक पोळी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध, एवढ्यात त्या जवळपास भागतात, आणि वजन आधीच जास्त असलेल्या अनेकींना तर त्याहून कमी पुरतात. दोघांचं जेवण ते एवढंच. प्रथिनांची गरज मात्र खरोखर वाढते: चौथ्या महिन्यापासून रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम जास्त. म्हणून वाढवायचं ते वरण, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं आणि मासे. भात-पोळी वाढवायची गरज नाही.

इंदुरात राहून पोहे सोडा असं मी कुणाला सांगत नाही. वाफेवर ठेवलेले इथले पोहे तेलाने थबथबलेले नसतात. पण दुकानातली बशी नीट बघा: खाली पोहे, त्यावर मूठभर सेव, वर गोड बुंदी, शेजारी दोन जिलब्या, आणि प्रथिनं म्हणाल तर जवळजवळ नाहीतच. तेच पोहे घरी करा. अर्धे पोहे आणि अर्धे मोडाचे मूग, शेंगदाणे, भरपूर कांदा-कोथिंबीर, वर लिंबू, सोबत वाटीभर दही. पोट दुपारपर्यंत धरतं, साखरही एकदम उसळत नाही. दालबाफल्याच्या रविवारी एक बाफला (उकडून भाजलेला कणकेचा गोळा), तूप वरून चमचाभर, बुडवून नाही, आणि डाळ मात्र दोन वाट्या. सराफ्यातल्या, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, फेरीबद्दल माझं मत पक्कं आहे: रात्री दहानंतर मालपुवा आणि वर रबडी, हे या दिवसांत नकोच. भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा पदार्थ) खावासा वाटला तर संध्याकाळी घरी करावा, दुधात शिजवलेला, कमी तेलातला. आणि इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, ते घट्ट गोड दूध आहे. ती तहानेवर प्यायची नाही.

उपासांचं काय? हरतालिकेला आपल्या मराठी बायकांबरोबर इथल्या हिंदी भाषक शेजारणीही निर्जळी करतात, त्यामुळे घरातून आणि गल्लीतून दोन्हीकडून दडपण येतं. निर्जळी उपास गरोदरपणात करू नये. पूजा करा, जागरण नको, पाणी आणि जेवण घ्या. एकादशी-चतुर्थीचा "हलका" उपासही फसवा असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, सोबत गोड दही. अशाने दिवसभरात भूक भागत नाही आणि साखर मात्र वर जाते. म्हणजे घटवल्याचं समाधान आणि वाढल्याचा तोटा, दोन्ही एकाच ताटात.

चालण्याबाबतही हीच गल्लत होते. व्यायाम कॅलरी जाळून काटा खाली आणण्यासाठी करायचा नाही. तो साखर आणि बी.पी. आटोक्यात राहावं, पाठ धरू नये, झोप लागावी म्हणून करायचा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं पुरेत. कधीच चालला नसाल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. मेघदूत उपवन किंवा नेहरू पार्कला सकाळी लवकर जा, एप्रिल-मे महिन्यांत तर ऊन तापायच्या आत घरी या. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटत असेल तर वेग जास्त आहे. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली जेवणानंतरची साखर खाली ठेवायला चांगली मदत करते. रक्तस्राव, पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, पोटरी दुखून सुजणं, पोटात कळा, यांपैकी काहीही झालं तर थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

वजन घरी आठवड्यातून एकदाच करा: एकाच काट्यावर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, साधारण तशाच कपड्यांत. दुपारी जेवून, साडी नेसून दवाखान्याच्या काट्यावर उभं राहिलं की किलोभर फरक सहज पडतो आणि उगाच रडू येतं. पण एका वाढीकडे कधीच दुर्लक्ष करू नका. पाचव्या महिन्यानंतर एका आठवड्यात अचानक किलोपेक्षा जास्त वजन चढलं, अंगठी घट्ट झाली, चेहरा सुजला, तर ते खाण्याने वाढलेलं नसून साठलेलं पाणी असू शकतं. बायका अशा वेळी जेवण कमी करतात आणि वाट पाहतात. तसं करू नका. बी.पी. १४०/९० किंवा वर असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बाजूला बरगड्यांखाली दुखत असेल, तर रात्र असली तरी हॉस्पिटलला जा.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीतच करून घ्या. ती नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची तपासणी मोफत होते, त्या दिवशी वजन आणि बी.पी. कार्डावर लिहून घ्यायला विसरू नका. वजन जास्त असलं की पोटावर हात ठेवून बाळाच्या वाढीचा अंदाज नीट येत नाही, म्हणून डॉक्टर एखादी सोनोग्राफी जास्त सांगतात. ती टाळू नका.

वजन घटवण्याची औषधं, मग ती ऑर्लिस्टॅट असो की सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन, गरोदरपणात चालत नाहीत. सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. घेत असताना दिवस गेले असतील तर घाबरून न जाता लगेच डॉक्टरांना सांगा.

घटवायची वेळ येते ती बाळंतपणानंतर, साधारण सहा आठवड्यांची तपासणी झाल्यावर. तेव्हाही अंगावर पाजत असाल तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या वर घाई नको. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देताना आजी मोजत नाहीत, पण रोज एक पुरतो, आणि अळिवाची खीर कमी गुळाची करता येते. गरोदरपणात साखर वाढली असेल तर या सहा आठवड्यांच्या भेटीतच ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करून घ्या, आणि नंतर दरवर्षी.