फ्लो सायटोमीटर आला कुठून? नौदल, अणुबॉम्बची लॅब आणि मंगळ

घरात रक्ताच्या कॅन्सरचा पेशंट असला की एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, "फ्लो पाठवलाय, रिपोर्ट आला की ठरवू." हा फ्लो म्हणजे फ्लो सायटोमेट्री. पेशींवर चमकणारा रंग चढवायचा, त्यांना पाण्याच्या बारीक धारेतून एकामागे एक रांगेत लेझरसमोरून न्यायचं, आणि प्रत्येक पेशीचा विखुरलेला उजेड आणि रंगाची चमक मोजायची, सेकंदाला हजारो पेशी. आज मोठ्या हॉस्पिटलांत हे रोजचं काम आहे. पण हे मशीन बनवायला पैसे कोणी दिले हे शोधत गेलं की एक गोष्ट सारखी समोर येते, सुरुवातीचे बरेचसे पैसे या मशीनसाठी नव्हतेच, ते दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आले होते.

सुरुवात वॉलेस कूल्टरपासून करू. तेव्हा रक्तपेशी मोजायच्या म्हणजे चौकटी आखलेली काच मायक्रोस्कोपखाली ठेवायची आणि डोळे ताणून एकेक पेशी मोजायची, तासन् तास. हिरोशिमानंतर किरणोत्सर्गाची भीती पसरली होती, मोठ्या संख्येने लोकांचं रक्त झटपट तपासायची वेळ येईल असं वाटत होतं. कूल्टर इलेक्ट्रॉनिक्सवाला माणूस, त्याने साधा विचार केला. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, पेशीतून फारशी वाहत नाही, मग मध्ये बारीक भोक ठेवून त्यातून पाणी ओढलं तर पेशी भोकातून जाताना विजेला क्षणभर अडथळा होणार, आणि पेशी जितकी मोठी तितका अडथळा मोठा. पहिलं भोक त्याने सिगारेटच्या पाकिटाच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने पाडलं होतं. भोकाचं कसलं पेटंट, असं म्हणून वकील त्याला परत पाठवायचे, तरी १९५३ मध्ये पेटंट मिळालं. पुढच्या कामाला अमेरिकन नौदलाच्या संशोधन कार्यालयाने मदत केली.

आता लॉस अलामॉस. होय, अणुबॉम्ब जिथे बनला तेच. तिथे किरणोत्सर्गाचा शरीरावर काय परिणाम होतो हे बघणारा एक जीवशास्त्राचा गटही होता, मार्विन व्हॅन डिला तिथे काम करायचा. कूल्टरच्या पद्धतीने तांबड्या पेशींचा आकार मोजला की आलेखात एकाऐवजी दोन शिखरं दिसायची. म्हणजे तांबड्या पेशी दोन जातीच्या असतात की काय? मॅक फुलवायलर नावाच्या तरुण इंजिनियरने ठरवलं की वाद घालण्यापेक्षा दोन्ही शिखरांतल्या पेशी वेगळ्या काढू आणि परत मोजू.

वेगळ्या काढायच्या कशा, हे त्याला इंकजेटमधून सुचलं. स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीट याने वेगवान सिग्नल कागदावर उमटवण्यासाठी एक युक्ती केली होती, शाईच्या धारेला कंप देऊन तिचे एकसारखे थेंब पाडायचे, थेंबाला विजेचा चार्ज द्यायचा आणि दोन प्लेट्सच्या मधून जाताना तो हवा तिकडे वळवायचा. फुलवायलरने शाईच्या जागी पेशी असलेलं पाणी घातलं. आधी पेशी मोजायची, मग ती ज्या थेंबात जाईल नेमक्या त्याच थेंबाला चार्ज द्यायचा, थेंब वळून ठरलेल्या भांड्यात पडतो. १९६५ मध्ये हे सायन्स या संशोधन-नियतकालिकात छापून आलं. आणि दोन शिखरांचं काय झालं? वेगळ्या केलेल्या पेशी परत मोजल्या तर पुन्हा दोनच शिखरं आली, म्हणजे पेशी दोन जातीच्या नव्हत्याच, भोकातून जाताना मोजणीतच गडबड होत होती. प्रश्न तिथेच मिटला आणि पेशी वेगळ्या करायचं मशीन हातात आलं. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण एवढ्याशा शंकेसाठी एवढं बांधायची त्याला मुभा होती.

त्याच वर्षी आयबीएममध्ये लुई कामेन्त्स्की याने उजेडाने पेशी तपासणारं मशीन मांडलं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी आपोआप ओळखता याव्यात म्हणून. तो आधी मशीनला अक्षरं वाचायला शिकवायच्या कामात होता. जर्मनीत म्युन्स्टरला वोल्फगांग गोडे यानेही १९६८ च्या सुमारास फ्लोरोसन्सवर, म्हणजे उजेड पडला की चमकणाऱ्या रंगावर चालणारं मशीन केलं. सगळी गोष्ट अमेरिकेतच घडली असं सांगितलं जातं ते काही बरोबर नाही.

पण पेशी जिवंत ठेवून, त्यांच्या चमकेवरून निवडून वेगळ्या काढायच्या, हे जमवलं लेन हर्झेनबर्गच्या टीमने. हा स्टॅनफर्डचा इम्युनॉलॉजीवाला, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास करणारा. चमकणाऱ्या पेशी मायक्रोस्कोपखाली मोजून मोजून वैतागलेला, याला काहीतरी मशीन असायलाच हवं असं म्हणणारा. फुलवायलरच्या मशीनचं कळल्यावर तो लॉस अलामॉसला गेला आणि यात फ्लोरोसन्स बसवा म्हणाला. ते म्हणाले आम्ही नाही करणार, पण ड्रॉइंग्ज घेऊन जा. आणि खरंच दिली! आजच्या करारांच्या आणि गुप्ततेच्या दिवसांत एका सरकारी लॅबने दुसऱ्याला आपले नकाशे असे हातात द्यावेत, हे वाचून मी थोडा वेळ थांबलोच होतो.

ड्रॉइंग्ज मिळाली, पण बांधणार कोण? स्टॅनफर्डच्या जेनेटिक्स विभागाचा प्रमुख होता जोशुआ लेडरबर्ग, १९५८ चा नोबेल विजेता, आणि परग्रहावर जीव असेल तर तो ओळखायचा कसा यात त्याला फार रस. नासाच्या पैशातून त्याने विभागातच उपकरणं बनवणारी लॅब उभी केली होती, इंजिनियर, वर्कशॉप, इलेक्ट्रॉनिक्स सगळं एका जागी. मंगळावरचे सूक्ष्मजीव शोधायला जमवलेली ही माणसं उंदराच्या पेशी निवडायच्या मशीनला लागली. १९६९ मध्ये ह्युलेट, बॉनर, बॅरेट आणि हर्झेनबर्ग यांचा पेपर आला, तेव्हा उजेडासाठी पाऱ्याचा दिवा होता. १९७२ च्या पेपरात आर्गॉन लेझर आला, आणि लेखकांत इंकजेटवाला रिचर्ड स्वीट स्वतः होता. लेनची बायको ली हर्झेनबर्ग त्याच्याबरोबर त्याच लॅबमध्ये होती, तिचं नाव या इतिहासात नेहमी मागच्या ओळीत टाकतात, तसं व्हायला नको.

पुढे सुया आणि सिरिंजवाली कंपनी, बेक्टन डिकिन्सन, यात आली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर फॅक्स (FACS, म्हणजे चमकेवरून पेशी निवडणारं यंत्र) नावाने मशीन बाजारात आलं (कागद पाठवायच्या फॅक्सचा याच्याशी काही संबंध नाही, नुसता उच्चार सारखा). तेवढ्यात १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाईन यांनी मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकाच ठरलेल्या खुणेला चिकटणारी एकसारखी प्रथिनं, बनवायची रीत काढली. हर्झेनबर्ग लगेच सुट्टी घेऊन मिलस्टाईनकडे गेला. मशीन कितीही चांगलं असलं तरी नेमक्या पेशीलाच जाऊन चिकटेल असा रंग नसेल तर ते काय निवडणार? ती अडचण अँटिबॉडीने सोडवली, आणि तिथून मशीनची गरज एकदम वाढली. हर्झेनबर्गला २००६ मध्ये क्योटो प्राइझ मिळालं.

मी स्वतः लॅबमध्ये काम केलंय. तयार मशीन विकत घ्यायला पैसे मागितले तर फाइल पुढे सरकते, मशीन बांधायला मागितले की पहिला प्रश्न येतो, यातून नक्की कुठला शोध लागणार? लॉस अलामॉसला कोणी हाच प्रश्न विचारला असता तर खरं उत्तर, शोध काहीच नाही, मोजणीची चूक सापडेल, असं द्यावं लागलं असतं.

भारतात हे मशीन खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत पोचलं ते एचआयव्हीमुळे. हा विषाणू सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी संपवतो, म्हणून त्या किती उरल्यात हे मोजायचं, आणि ते मोजायची खात्रीची पद्धत म्हणजे फ्लो. १ एप्रिल २००४ ला सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधं मोफत द्यायला सुरुवात केली, पहिल्या मोजक्या हॉस्पिटलांत मुंबईचं जेजे होतं. तेव्हा औषध साधारणपणे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधल्या सीडी४ पेशी २०० च्या खाली गेल्यावर सुरू व्हायचं. नंतर ही रेषा ३५० वर गेली, मग ५०० वर, आणि २०१७ पासून आकडा न बघताच सगळ्यांना औषध मिळायला लागलं. पण मधल्या त्या वर्षांत बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला औषध आज मिळणार की सहा महिन्यांनी परत यायचं, हे बऱ्याचदा आतल्या मशीनमधून येणाऱ्या त्या एका आकड्यावर ठरायचं.